तंबाखू सोडायला सरकारची मदत : ती घ्या, मिळत नसेल तर मागा



आपल्या प्रत्येक वस्तीत, जवळपास प्रत्येक घरात एक फोन नंबर आहे. तो कुणी वाचत नाही. तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र असते आणि त्याच ठिकाणी हा नंबर छापलेला असतो : १८००-११-२३५६. १ सप्टेंबर २०१८ पासून केंद्र सरकारने तो प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक पुडीवर छापणे सक्तीचे केले आहे. चित्र बघून आपण नजर फिरवतो आणि नंबर तसाच कचऱ्यात जातो. विडी सुटी घेतली तर नंबर दिसतही नाही.

हा नंबर म्हणजे तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाला सरकारने दिलेली फुकट मदत आहे. अशा आणखीही सोयी आहेत. आम्ही शेवगाव आणि आसपासच्या वस्त्यांत आरोग्याचे काम करतो. तिथे आम्हाला रोज दिसते की तंबाखू वाईट हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ती सोडायला मदत मिळते हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्या मदतीविषयी आहे.

आपल्याकडे धूर कमी, मळणे जास्त

तंबाखू सोडण्याची गोष्ट निघाली की सिगारेटचे चित्र दाखवतात. आपल्या महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ साली केंद्र सरकारने देशभर प्रौढांची तंबाखू पाहणी केली. तिच्यानुसार महाराष्ट्रात १०० प्रौढ माणसांपैकी साधारण २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. विडी-सिगारेट ओढणारे त्यांत चारच्या आत आहेत. तंबाखू मळून खाणारे, मशेरी लावणारे, मावा-गुटखा खाणारे मात्र २४ च्या वर आहेत. पुरुषांत १०० मागे ३५ आणि बायकांत १०० मागे १७ हे प्रमाण आहे. १०० मागे १७ बायका! मशेरी आपण व्यसनात धरतच नाही, म्हणून हा आकडा ऐकून लोक चकित होतात.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तव्यावर भाजून पूड केली म्हणून तिच्यातले निकोटीन जात नाही. हिरडीला लावली की ते थेट रक्तात उतरते. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते," असे सांगणाऱ्या बाईला दिवसातून चार वेळा दात घासावे लागतात. तेही व्यसनच आहे आणि त्याला मदतही तीच मिळते.

गरोदर बाईच्या मशेरीचा भार बाळावर पडतो. मुंबईत बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-मशेरी वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आपल्याकडे आधीच अडीच किलोच्या आतली बाळे जन्मतात. तिथे १०० ग्रॅम ही लहान गोष्ट नाही.

आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी तो मिळतो, हे आम्ही सांगायला नको.

का सुटत नाही?

"मनात आणले तर उद्या सोडीन," असे सगळे म्हणतात. उद्या येतो, सकाळची पहिली चिमूट मळली जाते. यात माणसाची लाज काढण्यासारखे काही नाही. निकोटीन मेंदूला सवय लावते. दोन-तीन तास ते मिळाले नाही की चिडचिड होते, डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही. पुन्हा चिमूट तोंडात गेली की बरे वाटते. तंबाखूने बरे वाटले असे आपण समजतो. खरे तर तंबाखूनेच दिलेला त्रास तिने थोडा वेळ थांबवलेला असतो.

त्यात आपल्या माणसाचे जगणे. पहाटे तीनला उठून कोयता घेऊन फडात जाणाऱ्याला भुकेवर चिमूट हा उपाय वाटतो. दहा-दहा तास ओझी वाहणाऱ्याला विडी ओढण्याच्या निमित्तानेच दोन मिनिटे बसायला मिळते. बाईच्या पोटात दुखले, दात दुखला, शौचाला साफ झाले नाही, की मशेरी. दवाखाना लांब आणि पुडी शेजारी. म्हणून तंबाखू सोडण्याच्या कामात नुसता उपदेश चालत नाही, त्याच्या जोडीला औषध, आधार आणि पाठपुरावा लागतो. हे सगळे द्यायची जबाबदारी सरकारवर आहे.

ही मेहेरबानी नाही

बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडवलेल्या संविधानाचे कलम ४७ सांगते की लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. आरोग्याला घातक असलेल्या मादक पेयांना व पदार्थांना आळा घालण्याची गोष्टही त्याच कलमात आहे. २००४ साली भारताने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराला मान्यता दिली. सोडू इच्छिणाऱ्याला उपचार मिळाले पाहिजेत, असे त्या कराराचे १४ वे कलम आहे. २००७-०८ पासून देशात राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम चालू आहे आणि जिल्हा पातळीवर तंबाखू मुक्ती केंद्र हा त्याचा भाग आहे.

इंग्लंडमध्ये १९९९ साली धूम्रपान सोडवण्याची सरकारी सेवा सुरू झाली, ती आधी गरीब, मागास भागांत. ज्याला जास्त गरज त्याला आधी, हा साधा न्याय. आपल्या वस्त्यांनाही तोच न्याय हवा.

मदत कुठे मिळते?

एक : फोन. १८००-११-२३५६ या नंबरला पैसे लागत नाहीत. ही राष्ट्रीय सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली. २०१८ साली मुंबईचे टाटा मेमोरियल तिला जोडले गेले, त्यामुळे मराठीतही बोलता येते. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी सुट्टी. पलीकडे समुपदेशक असतो. तो विचारतो : काय घेता, किती घेता, केव्हापासून, आधी कधी सोडली होती का. मग तुमच्याशी बोलून सोडण्याचा दिवस ठरवतो. त्या दिवसानंतर तो स्वतःहून फोन करून चौकशी करतो. म्हणून नोंदवताना जो फोन घरात कायम चालू असतो, तोच नंबर द्या. लिहिता-वाचता येत नसले तरी अडत नाही, बोलता आले की झाले.

दोन : मिस्ड कॉल. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते आणि सोडण्यास मदत करणारे मेसेज येत राहतात. ज्याला मेसेज वाचता येतो त्याला हे उपयोगी आहे. घरात शिकणारी मुलगी-मुलगा असेल तर त्यांनी आजीला, वडिलांना मेसेज वाचून दाखवावा.

तीन : आशाताई आणि उपकेंद्र. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. लाजून "नाही" सांगू नका. खरे सांगितले तर तपासणीत तुमचा नंबर आधी लागतो. तीस वर्षांवरील माणसाची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट होते. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सरळ सांगा, "मला तंबाखू सोडायची आहे, माझी नोंद करा."

चार : ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. शेवगावच्या लोकांना जवळचे म्हणजे शेवगावचे ग्रामीण रुग्णालय. तिथे डॉक्टरांना दाखवून, गरज असल्यास अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील तंबाखू मुक्ती केंद्राची चिठ्ठी मागा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

पाच : मन फार खचले, झोप उडाली, उदास वाटू लागले तर टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. तंबाखूबरोबर दारूही असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो. तंबाखू एकदम बंद केल्याने मात्र जीव जात नाही. त्रास होतो, तो सोसण्यासारखा असतो आणि उतरतो.

औषध कोणते आणि कसे घ्यायचे?

मुख्य औषध म्हणजे निकोटीनची गोळी, जी चघळायची असते. तिला गम म्हणतात. तंबाखूतले विष न घेता थोडे निकोटीन मिळते, त्यामुळे तलफ सोसता येते. मग हळूहळू तेही बंद करायचे. २०२२ पासून हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येते. उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला तंबाखू लागतेच, त्याला बहुधा जास्त ताकदीची लागते. ते डॉक्टर ठरवतील.

बरेच जण गम नीट वापरत नाहीत आणि "याने काही होत नाही" म्हणून फेकून देतात. चिंगमसारखी भराभर चघळायची नाही. सावकाश चावा. तोंडात झणझणल्यासारखे झाले की थांबा आणि ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. झणझण गेली की पुन्हा थोडी चावा. असे अर्धा तास चालते. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत घेऊ नका, नाहीतर औषध लागू पडत नाही. गिळली तर पोटात मळमळते, उचकी लागते.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी एक, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक. असा हा बारा आठवड्यांचा कोर्स आहे. गम घेताना तंबाखू घ्यायची नाही. लहान मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. कवळी असेल, दात नसतील तर कातडीला चिकटवायची पट्टी मिळते. आणखीही काही गोळ्या आहेत, त्या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने.

पहिले दिवस

सर्वांत कठीण पहिले तीन-चार दिवस. त्रास पहिल्या आठवड्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. तलफेची प्रत्येक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढी जाऊ द्यायची. आम्ही चार गोष्टी सांगतो : थोडे थांबा, पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, हाताला दुसरे काम द्या. विहारात आनापानसती शिकलेल्यांना श्वासाचे वेगळे सांगायला नको. मनात तलफ आली, तिच्याकडे बघितले, ती गेली, हा अनुभव एकदा आला की धीर येतो.

हात-तोंड रिकामे वाटते, म्हणून खिशात बडीशेप, भाजलेले हरभरे, लवंग ठेवा. सुपारी नको, सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. शौचाला त्रास झाला तर सकाळी कोमट पाणी, पालेभाजी आणि थोडे चालणे. मशेरी सोडणाऱ्या बाईने ब्रश किंवा कडुलिंबाची काडी घ्यावी. दात दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरला दाखवावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्या विडीवाल्याने विडी सोडल्याचे डॉक्टरांना सांगावे. टीबीचे औषध चालू असेल तर विडी आजच बंद, कारण विडीमुळे टीबी बरा होण्यात अडथळा येतो आणि पुन्हा उलटण्याची भीती असते.

एकदा सोडून पुन्हा लागली तर नापास झालो असे समजू नका. पुष्कळांची चौथ्या-पाचव्या वेळी सुटते. कशामुळे लागली ते आठवा आणि पुन्हा फोन लावा. घरच्यांनी टोमणे मारू नयेत.

वर्षावास हा आपला कोर्स

बारा आठवडे म्हणजे तीन महिने. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावासही तीनच महिन्यांचा. याच काळात आपल्या विहारांत "बुद्ध आणि त्याचा धम्म" ग्रंथाचे वाचन चालते आणि वस्ती एकत्र बसते. आणि याच काळात शेवगाव-पाथर्डीकडची ऊसतोड माणसे घरी असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की आशाताई मागे राहतात, तपासणी मागे राहते आणि थंडीतल्या पहाटे पुडी पुन्हा सोबतीला येते. म्हणून सोडायची तर या तीन महिन्यांत सोडली पाहिजे, म्हणजे कोयत्यावर जाण्याआधी माणूस मोकळा होतो.

आमची सूचना अशी. आषाढी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात विहारात नावे घ्या. आशाताईंना बोलवा. त्याच बैठकीत स्पीकरवर १८००-११-२३५६ लावून एकेकाची नोंद करा. एक दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून दवाखान्यात जा. दहा माणसे एकदम केसपेपर काढायला उभी राहिली की औषध नाही असे सांगणे जड जाते. पौर्णिमेला घरातली पुडी, चुन्याची डबी, मशेरीचा डबा बाहेर. पुढे दर आठवड्याला वाचन संपल्यावर दहा मिनिटे विचारपूस : कुणाचे कसे चालले आहे. ज्याची पुन्हा लागली त्याने मोकळेपणाने सांगावे, त्याला जवळ बसवावे. ऊसतोडीला जाताना समुपदेशकाला सांगून ठेवा आणि फोन सोबत न्या. फोनवरची मदत फडातही मिळते.

पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारूचे नाव आहे, तंबाखूचे नाही, असा वाद काही उपासक आमच्याशी घालतात. शील कशासाठी आहे ते बघा. माणसाने गुलाम होऊ नये यासाठी आहे. सकाळी डोळा उघडताच पुडी शोधणारा हात मोकळा आहे का, ते ज्याचे त्याने ठरवावे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहायला, दुर्गुणांपासून लांब राहायला आणि मुलांना शिकवायला सांगितले. या तिन्ही गोष्टी मशेरीच्या डब्यापाशी एकत्र येतात.

औषध नाही म्हणाले तर?

कागदावर सगळे असते, खिडकीवर नसते. गमचा साठा प्रत्येक ठिकाणी कायम असतोच असे नाही. एका सरकारी दवाखान्यात आमच्याबरोबरच्या बाईला "मशेरीला कसले औषध" म्हणून हसून परत पाठवले. हसणाऱ्याने नियम वाचलेला नव्हता, म्हणून आपण वाचलेला असावा.

तोंडी नकार घेऊ नका. "औषध उपलब्ध नाही" हे केसपेपरवर लिहून मागा. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे आणि गावातल्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडे अर्ज द्या. माहितीच्या अधिकारात विचारा : गेल्या वर्षी निकोटीन गम किती आली, किती वाटली, तंबाखू सोडण्यासाठी किती जणांची नोंद झाली. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. मागणी नोंदलेली नसली की पुढच्या वर्षी साठाही येत नाही, म्हणून मागणी नोंदवणे हेच पहिले काम.

तोंड बघा, मुले सांभाळा

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तिखट सहन न होणे, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नसले तरी दवाखाना गाठा. सुरुवातीला दुखत नाही, हीच या रोगाची फसवणूक आहे. लवकर सापडले तर बरे होते. कर्करोगाचे पुष्कळ उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, पण त्या फाइलपर्यंत जायची वेळच येऊ नये.

मुलाला पुडी आणायला दुकानात पाठवू नका. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणेही गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि मूल पुडी आणता आणताच पहिली चिमूट चाखते.

शेवटी साधा हिशोब. रोज २० रुपयांची तंबाखू म्हणजे महिन्याला ६००, वर्षाला ७,३००. घरात दोघे घेत असतील तर १४,६००. एवढ्यात मुलीची वह्या-पुस्तके, बसचा पास आणि गणवेश निघतो.

पुढच्या वेळी पुडी हातात आली की ती उलटी करून नंबर वाचा. १८००-११-२३५६. फोन लावा आणि सांगा, "मी शेवगावहून बोलतोय, मला तंबाखू सोडायची आहे."

जयभीम! नमो बुद्धाय!